कोडिंग असिस्टंटला नीट शोध घ्यायला कसं लावायचं: दूध बिलाच्या पीडीएफवरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं मराठीत पीडीएफ करून द्यायची आहेत आणि काम पायथनमध्ये आहे. एआय असिस्टंटने दोन आठवड्यांत पाच लायब्रऱ्या, म्हणजे आयत्या कोडचे संच, सुचवल्या. प्रत्येक वेळी 'हे नक्की चालेल' म्हणाला आणि प्रत्येक वेळी 'किंमत'मधली पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसली. घाई न करता नीट शोध घ्यायला त्याला कसं लावायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी अठरा वर्षं पतसंस्था आणि दूध संस्थांची सॉफ्टवेअरं लिहितोय आणि गेली दोन वर्षं त्यात असिस्टंट रोज वापरतोय. तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं, खरी अडचण शोधाच्या आधीची आहे. तुम्ही बहुधा 'मराठी फॉन्ट पीडीएफमध्ये नीट येत नाही, चांगली लायब्ररी सांग' अशा धर्तीवर विचारलं असणार. 'फॉन्ट' म्हटलं की तो फॉन्टच्या मागे लागतो आणि 'चांगली लायब्ररी' म्हटलं की जुन्या चर्चांमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव पुढे करतो. तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर त्याने दिलं. पण बिघाड नेमका कुठे आहे, हे तुम्हीही ठरवलं नव्हतं आणि त्यालाही ठरवायला सांगितलं नव्हतं.

पीडीएफमध्ये मराठी चार वेगळ्या ठिकाणी बिघडू शकतं आणि प्रत्येक वेळी कागद वेगळा दिसतो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले तर फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत किंवा सर्व्हरवर फॉन्टच नाही. प्रश्नचिन्हांची रांग आली तर मजकूर डेटाबेसमध्ये जाताना किंवा तिथून येताना एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचे आकडे करून साठवण्याच्या पद्धतीत, मेलाय. तो कोणत्याही फॉन्टने परत येणार नाही. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक पद्धतीत नाहीच, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला आहे. आणि अक्षरं सगळी हजर आहेत पण वेलांटी भलत्या बाजूला, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं अक्षर दिसतंय, रफार जागेवर नाही, असं असेल तर बिघाड शेपिंगचा आहे. तुमची केस ही चौथी.

शेपिंग म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो, कारण हा एक शब्द तुम्हाला माहीत असता तर कदाचित दोन आठवडे वाचले असते. 'कि' साठवताना संगणक आधी क ठेवतो आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. छापताना ती वेलांटी क-च्या डावीकडे आणायची, 'वर्ष'मधला र् उचलून ष-च्या डोक्यावर ठेवायचा, ही कामं फॉन्टमधले नियम वाचून एक वेगळा भाग करतो. हार्फबझ हे त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं इंजिन. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस तेच वापरतात. म्हणून तुमचं बिल ब्राउझरमध्ये बरोबर दिसतं. जी पीडीएफ लायब्ररी अक्षरांची चित्रं साठवलेल्या क्रमाने नुसती एकापुढे एक ठेवते, तिच्यात तुम्ही दहा फॉन्ट बदललेत तरी वेलांटी उजवीकडेच राहणार.

त्यामुळे माझी पहिली फेरी उपाय शोधण्याची नसतेच. मी असिस्टंटला छापील शब्दाचा फोटो देतो, तोच शब्द मजकूर म्हणून देतो आणि साधारण असं लिहितो: 'उपाय सुचवू नकोस, कोड लिहू नकोस. हे असं दिसायला हवं, प्रत्यक्षात असं दिसतंय. मजकूर, एन्कोडिंग, फॉन्ट आणि पीडीएफ बनवणारी लायब्ररी, यांपैकी बिघाड कुठे असू शकतो? प्रत्येक शक्यता खोडायला मला पाच मिनिटांत करता येईल अशी एक चाचणी सांग. आणि या समस्येला जाणकार कोणत्या नावाने ओळखतात ते सांग.' शेवटचं वाक्य विसरू नका. नाव हाती आलं की पुढचा सगळा शोध त्या नावाने होतो. सूचना तुम्ही मराठीत दिल्यात तरी चालतं, पण लायब्रऱ्यांची कागदपत्रं आणि तक्रारींच्या नोंदी इंग्रजीत असतात. तिथे 'मराठी'पेक्षा 'देवनागरी', 'इंडिक शेपिंग', 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' हे शब्द जास्त सापडतात. कोणते शब्द घेऊन शोधलंस, तेही त्याला सांगायला लावा.

दुसरं काम तुमचं आहे, असिस्टंटचं नाही. पर्याय नापास कधी ठरवायचा, हे शोध सुरू होण्याआधी लिहून ठेवा. माझ्याकडे एक ठरलेली ओळ आहे आणि प्रत्येक लायब्ररीला मी ती पहिल्यांदा छापायला लावतो: किंमत, वर्ष, शिल्लक, विठ्ठल, त्र्यंबक, हृषीकेश, ॲडव्हान्स, कऱ्हाड. 'किंमत' वेलांटीसाठी आणि 'वर्ष' रफारासाठी. 'त्र्यंबक'मध्ये तीन व्यंजनं एकावर एक चढतात. 'ॲडव्हान्स' यासाठी की ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि जुन्या फॉन्टांत ते सापडत नाही. शिवाय तुमच्या डेटात काही ठिकाणी ते अ आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांतही टाइप केलेलं निघेल. 'कऱ्हाड'मधला आडवा अर्धा र तर दोन प्रकारे साठवता येतो. एक ऱ वापरून आणि दुसरा साध्या र-ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडणारा कोड घालून. दोन्ही दिसायला सारखे, साठवायला वेगळे. चाचणीत दोन्ही घ्या.

ही ओळ मला एका चुकीतून मिळाली. एका संस्थेच्या लाभांशाची सहाशे पत्रं करायची होती. असिस्टंटने लायब्ररी निवडली, कोड लिहिला, चाचण्याही लिहिल्या आणि सगळ्या पास झाल्या. त्या चाचण्या बघत होत्या की फाइल तयार झाली का आणि पानांची संख्या बरोबर आहे का. मी पहिली दोन पानं डोळ्यांखालून घातली आणि पत्रं पाठवू दिली. चारेक दिवसांनी एक वयस्कर सभासद ते पत्र घेऊन काउंटरवर आले. पत्त्यात कऱ्हाडचा र पाय मोडून उभा आणि ह त्याच्यापासून फुटलेला. 'गावाचं नाव तरी नीट लिहा,' एवढंच म्हणाले. पत्रं पुन्हा छापली, पण ते वाक्य मनातून गेलं नाही. चाचणी कशाची घ्यायची हे मी सांगितलं नव्हतं, म्हणून असिस्टंटने मोजायला सोपं होतं ते मोजलं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या असिस्टंटला इंटरनेटवर शोधता येतं का, तुमच्या मशीनवर कमांड चालवता येते का, यावर पुष्कळ ठरतं. दोन्ही नसेल तर तो फक्त आठवणीतून बोलतोय. मग त्याच्याकडून शक्यतांची यादी घ्या आणि तपास स्वतः करा. पीडीएफ फक्त छापायची आहे की तिच्यातून मजकूर शोधता आणि कॉपी करता यायला हवा, हेही आधी ठरवा. कागदावर अचूक दिसणारी देवनागरी कॉपी केल्यावर बऱ्याचदा विस्कटते आणि ती अट असेल तर निवड बदलते. परवान्याचं बघा. आयटेक्स्ट ही पीडीएफ लायब्ररी एजीपीएल परवान्याखाली मिळते, म्हणजे बंद स्रोताच्या, म्हणजे ज्याचा कोड तुम्ही खुला करत नाही अशा उत्पादनात वापरायची तर व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागतो आणि भारतीय लिप्यांच्या शेपिंगसाठी तिचा वेगळा जोडभाग आहे. असिस्टंट 'मोफत आहे' म्हणून मोकळा होतो. सर्व्हर केवढा, बिलं दोनशे की वीस हजार, हे सांगितलं नाहीत तर तो स्वतःच काहीतरी गृहीत धरतो. रोज संकलन केंद्रावर निघणारी पावती थर्मल प्रिंटरवर असेल तर तो प्रश्नच वेगळा आहे, तो यात मिसळू नका.

एवढं झालं की खरी शोधाची सूचना द्यायची. माझी साधारण अशी असते: 'समस्या शेपिंगची आहे हे ठरलंय. पायथनमधून वापरता येणारे निदान तीन पर्याय शोध. प्रत्येकासाठी सांग: शेपिंग कोण करतं, ही सोय कोणत्या आवृत्तीपासून आहे आणि हे अधिकृत कागदपत्रात किंवा बदलांच्या नोंदीत कुठे लिहिलंय. ती ओळ जशीच्या तशी दे. शेवटची आवृत्ती कधी आली? देवनागरीबद्दल कोणत्या तक्रारी उघड्या आहेत? जे तू स्वतः वाचलंस आणि जे आठवणीतून सांगतोयस, ते वेगळं लिही. प्रत्येक पर्याय कोणत्या कारणाने नाकारावा लागेल ते सांग. शिफारस अजून करू नकोस.'

यातला आवृत्तीचा आग्रह किती कामाचा आहे ते दोन उदाहरणांनी सांगतो. एफपीडीएफ२ ही पायथनची हलकी लायब्ररी. तिच्यात हार्फबझच्या आधाराने शेपिंग २०२३ साली आलं आणि तेही आपोआप होत नाही, चालू करावं लागतं. त्याआधीची सगळी उत्तरं 'यात देवनागरी जमत नाही' असं सांगतात आणि त्या वेळी ती बरोबरच होती. असिस्टंटच्या आठवणीत जुनी उत्तरं भरपूर आणि नवी थोडी, म्हणून तो चांगला पर्याय खोडून टाकतो किंवा सुचवतो पण ती सोय चालू करायला विसरतो. उलट बाजूचं उदाहरण डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफचं. एचटीएमएलवरून पीडीएफ म्हटलं की हे नाव हमखास येतं. २०२० च्या ०.१२.६ नंतर त्याची नवी स्थिर आवृत्ती आलेली नाही आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रिपॉझिटरी, म्हणजे कोड जिथे ठेवतात ती जागा, कायमची बंद करून ठेवली गेली. आत वेबकिट हे वेबपान मांडणारं इंजिन आहे आणि तेही जुनं. आज नवीन काम त्यावर उभं करणं मी कुणालाही सुचवणार नाही. 'शेवटची आवृत्ती कधी आली' एवढा एक प्रश्न विचारला असता तर ही माहिती पहिल्याच मिनिटाला समोर आली असती.

ओळ जशीच्या तशी मागण्यामागेही कारण आहे. 'यात देवनागरीला आधार आहे' हे वाक्य असिस्टंट सहज लिहितो. ओळ मागितली की ती त्याला शोधावी लागते. मिळाली नाही तर बऱ्याचदा तो तसं कबूल करतो. दिली तर दुवा उघडून मी ती स्वतः वाचतो. दर वेळी वाचतो. बऱ्याचदा ओळ खरी निघते पण तिचा अर्थ वेगळा असतो. 'युनिकोडला आधार' म्हणजे अक्षरं छापता येतात. शेपिंग होतंच असं नाही. तुमच्या पाचातल्या निदान दोन लायब्रऱ्या याच वाक्यावर निवडल्या गेल्या असतील, असा माझा अंदाज आहे.

स्वतःचा कल प्रश्नात दाखवू नका. 'मला वाटतं अमुक लायब्ररी बरी, हो ना?' असं विचारलंत की तो हो म्हणणार आणि हो-ची कारणंही देणार. मी निष्कर्ष आला की असिस्टंटशी नवं सत्र, म्हणजे कोरा संवाद, उघडतो, आधीच्या चर्चेतलं काही देत नाही आणि फक्त विचारतो: 'या अटी आहेत, हा पर्याय निवडला तर तो कुठे फसेल?' आधीच्या सत्राला जे बोललं गेलंय त्याचा धागा सोडवत नाही. नवं सत्र मोकळं असतं. दोन्ही सत्रांचं जिथे जमत नाही तिथे मी स्वतः वाचायला बसतो.

मग प्रयोग. पूर्ण बिल करून घेऊ नका. ती आठ शब्दांची ओळ, एक फॉन्ट आणि वीस ओळींचा कोड पुरे. प्रत्येक पर्यायाची पीडीएफ घ्या, तिचं चित्र करा आणि ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या त्याच ओळीच्या चित्राशेजारी ठेवा. ही तुलना तुमच्या डोळ्यांनी करा. असिस्टंटला चित्र दाखवून 'बरोबर आहे का' विचारलं तर तो पुष्कळदा जे असायला हवं तेच वाचतो. 'त्र्यंबक' फुटलेलं असलं तरी त्याला शब्द ओळखू येतो, म्हणून तो बरोबर म्हणतो. आमच्याकडे हे काम संस्थेतल्या एक ज्येष्ठ लेखनिक बाई करतात. त्यांना कोड कळत नाही, पण मात्रा इकडची तिकडे झाली तर एका नजरेत दिसते. जमलं तर ल आणि श-ची वळणंही त्यांनाच दाखवा. काही फॉन्टांत मराठी वळण असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच ते बाहेर येतं. नाहीतर हिंदी वळणाचा ल छापला जातो.

इथे एक सावधगिरी, आणि ती मी फार गांभीर्याने सांगतोय. असिस्टंट कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव देतो. ते नाव इतकं साजेसं असतं की शंका येत नाही. अशी नावं हेरून त्याच नावाने घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत. म्हणून 'इन्स्टॉल झालं, म्हणजे खरं आहे' हा पुरावा धरू नका. आधी प्रकल्पाचं अधिकृत पान शोधा आणि इन्स्टॉलची ओळ तिथूनच घ्या. पॅकेज किती जुनं आहे आणि कोण सांभाळतंय ते बघा. 'इन्स्टॉल करण्याआधी मला विचार', ही असिस्टंटसाठीची सूचना माझ्याकडे कायमची लिहिलेली असते. आणि प्रयोगासाठी उत्पादकांची खरी नावं, खाते क्रमांक, आधार क्रमांक असिस्टंटला देऊ नका. आठ शब्दांच्या ओळीला त्यातलं काहीच लागत नाही.

निर्णय झाला की प्रकल्पातच एक छोटी फाइल करा. तारीख, काय निवडलं, कोणती आवृत्ती, काय नाकारलं आणि का. नाकारलेल्यांची कारणं जास्त महत्त्वाची, कारण पुढच्या महिन्यात नवं सत्र उघडलं की असिस्टंट तीच जुनी नावं पुन्हा ताज्या उत्साहाने सुचवतो. क्लॉड कोड, कर्सर अशी एआय कोडिंगची साधनं प्रकल्पातली सूचनांची फाइल सुरुवातीला वाचतात. तिथे दोन ओळी टाका: पीडीएफचा निर्णय अमुक फाइलमध्ये आहे, तो बदलायचा असेल तर आधी ती ओळ छापून दाखव. ही फाइल मोठी करत बसू नका. पन्नास नियम लिहिले की त्यातले महत्त्वाचे चार हरवतात.

एवढा खटाटोप प्रत्येक गोष्टीला करायचा नाही. तारखेचा फॉरमॅट बदलायचा असेल तर विचारा, चालवा, पुढे जा. जे नंतर उलटं फिरवायला जड जातं तिथे हा वेळ घालवा: डेटाबेसमधला मजकूर कोणत्या रूपात साठवायचा, पैशांची गोळाबेरीज कशी करायची आणि सभासदाच्या हातात जाणारा कागद.

तुमच्या बिलांपुरतं सांगायचं तर मी दोन पर्यायांपासून सुरुवात करेन. बिलाचा आराखडा तुमच्याकडे आधीच एचटीएमएलमध्ये असेल तर वीझीप्रिंट ही लायब्ररी बघा. ती मजकूर पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडून मांडून घेते आणि पँगो शेपिंगसाठी हार्फबझ वापरतो. फार लांबलचक तक्त्यांना ती वेळ घेते, पण एका उत्पादकाचं एक पान असं बिल असेल तर त्रास होऊ नये. आराखडा नसेल आणि सर्व्हर छोटा असेल तर शेपिंग चालू करून एफपीडीएफ२. दोन्हीत नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता फॉन्ट प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा, सर्व्हरवर असेल असं धरून चालू नका. दोन्हींकडून आधी ती ओळ छापून घ्या. त्यात संस्थेच्या यादीतली सर्वांत अवघड दहा आडनावं आणि गावांची नावंही घाला. ती यादी काढायचं काम असिस्टंटला सांगू नका, संस्थेच्या सचिवांना विचारा. कोणतं नाव दर वेळी चुकीचं छापलं जातं, हे त्यांना तोंडपाठ असतं.